डेस्कटॉप सारखा हँग होतोय, मधेच बंद पडतोय? फॉरमॅट मारायच्या आधी हे बघा

कॉम्प्युटर हँग होतोय म्हटलं की आपल्याकडे सल्ला ठरलेला असतो, फॉरमॅट मारून टाक. मग सी ड्राइव्ह साफ, विंडोज नवीन, चार दिवस मशीन एकदम पळतं आणि पाचव्या दिवशी परत तेच रडगाणं. माझं स्पष्ट मत आहे की सारख्या बंद पडणाऱ्या मशीनवर फॉरमॅट हा सगळ्यात शेवटचा उपाय आहे. गरमी, रॅम, डिस्क, एसएमपीएस (म्हणजे मशीनला करंट पुरवणारा कॅबिनेटमधला डबा), घरातली लाइट, यातलं काहीच फॉरमॅटने सुधारत नाही, आणि डिस्कच जायला आली असेल तर फॉरमॅटच्या नादात आहे तो डेटापण जातो.

त्यामुळे आधी एकच करा, मशीन बंद पडतंय म्हणजे नेमकं कसं पडतंय ते बघा. लोक सगळ्यालाच हँग म्हणतात पण प्रकार वेगवेगळे आहेत आणि प्रत्येकाचं कारण वेगळं असतं.

स्क्रीन निळी होऊन काहीतरी कोड येतो आणि मशीन रीस्टार्ट होतं, हा एक प्रकार. कुठलाही मेसेज न येता धाडकन बंद पडतं किंवा आपोआप रीस्टार्ट होतं, हा दुसरा, आणि यात संशय पहिला लाइट, एसएमपीएस आणि गरमीवर घ्यायचा. तिसऱ्यात स्क्रीनवरचं चित्र आहे तसं थिजतं, माउस हलत नाही, गाणं चालू असेल तर स्पीकरमधून ट्रर्रर्र असा एकच आवाज येत राहतो. आणि चौथा प्रकार, माउस हलतोय पण काहीच उघडत नाही, स्टार्टवर क्लिक करा, फोल्डरवर क्लिक करा, काही नाही, आणि मिनिटभराने केलेले सगळे क्लिक एकदम लागू पडून धडाधड सगळं उघडतं. हा चौथा प्रकार दिसला की आधी डिस्ककडे बघा, कारण बहुतेक वेळा विंडोज डिस्ककडून उत्तर यायची वाट बघत थांबलेलं असतं.

तिसरा आणि चौथा ओळखायची सोपी युक्ती म्हणजे कीबोर्डवरचं नम लॉक. मशीन गोठलं की ते बटण दाबून बघा, दिवा चालू-बंद होत असेल तर विंडोज आतून अजून जिवंत आहे, पाच मिनिटं थांबा, लगेच पॉवर बटण दाबून मारू नका. दिवा हलतच नसेल तर सिस्टिम पूर्ण अडकलीय, तिथे रॅम, प्रोसेसर, बोर्ड, ग्राफिक्स किंवा एखादा ड्रायव्हर यातलं काहीतरी आहे. आणि नुसती स्क्रीन काळी झाली असेल पण आवाज नीट येत असेल तर विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटणं एकत्र दाबा, याने ग्राफिक्स ड्रायव्हर रीसेट होतो, बऱ्याचदा चित्र परत येतं आणि दोष ग्राफिक्सच्या बाजूला आहे हेपण कळतं.

दुसरी गोष्ट, मशीनशेजारी एक वही ठेवा. बंद पडलं की तारीख, वेळ, काय चालू होतं आणि वरच्यापैकी कुठला प्रकार, एवढं लिहायचं. लोकांना हे फालतू वाटतं पण अर्धा शोध या वहीतच लागतो, खाली सांगतो कसा.

विंडोज स्वतःपण नोंद ठेवतंच. स्टार्टमधे रिलायबिलिटी टाइप करा, रिलायबिलिटी हिस्ट्री नावाचं पान उघडेल, त्यात रोजच्या रकान्यात लाल फुल्या दिसतील. त्याहून खोल जायचं तर इव्हेंट व्ह्यूअर, त्यात विंडोज लॉग्जमधे सिस्टिम. तिथे कर्नल पॉवर ४१ ही एंट्री बघून लोक घाबरतात आणि नेटवर शोधत बसतात, पण तिचा अर्थ फक्त एवढाच की मागच्या वेळी मशीन नीट शटडाउन न होता बंद पडलं. ते तर आपल्याला माहितीच आहे. कामाची गोष्ट आत डिटेल्समधे आहे, बगचेक कोड, म्हणजे निळ्या स्क्रीनच्या चुकीचा नंबर. तो शून्य असेल तर ब्लू स्क्रीन नोंदवायलासुद्धा विंडोजला वेळ मिळाला नाही, म्हणजे करंट तुटला किंवा मशीन पूर्ण गोठल्यावर तुम्ही हाताने बंद केलंत. त्याच यादीत डिस्क या नावाने ७ नंबरची एंट्री असेल तर डिस्कवर बॅड ब्लॉक आहे. १२९ किंवा १५३ दिसली तर डिस्क वेळेत उत्तर देत नाहीये. डिस्प्लेच्या नावाने ४१०१ असेल तर ग्राफिक्स ड्रायव्हर अडकून परत उठला, विंडोज त्याची साधारण २ सेकंद वाट बघतं आणि मग रीसेट करतं. व्हीया लॉगर (WHEA-Logger) १८ दिसली तर मामला गंभीर, प्रोसेसरनेच हार्डवेअर चूक कळवलीय.

आता वहीचा किस्सा. अकोल्यात ओळखीतल्या एका काकांचं डीटीपीचं दुकान आहे, लग्नपत्रिका, फ्लेक्सचं डिझाइन, बिलबुकं अशी कामं. ऐन लग्नसराईत मे महिन्यात त्यांचं मशीन दिवसातून कितीतरी वेळा बंद पडायला लागलं. दुरुस्तीवाल्याने फॉरमॅट मारून दिलं, नंतर रॅम बदलून दिली, पैसे गेले आणि त्रास तसाच राहिला. मी म्हटलं, काका, आठवडाभर फक्त लिहून ठेवा, कशालाही हात लावू नका. त्यांनी खरंच व्यवस्थित लिहिलं, जुन्या बिलबुकाच्या मागच्या कोऱ्या बाजूला. वाचल्यावर दिसलं की जेव्हा जेव्हा मशीन धाडकन रीस्टार्ट झालं तेव्हा पुढे "प्रिंट दिली" असं लिहिलेलं होतं, आणि जेव्हा कोरल ड्रॉ अडकून माउस तेवढा हलत राहिला तेव्हा प्रिंटचा काही संबंध नव्हता. म्हणजे एक नाही, दोन वेगळे दोष एकाच मशीनवर एकाच वेळी चालू होते. म्हणून कुठलाही एक उपाय केला की थोडं बरं वाटायचं आणि परत तेच, आणि म्हणूनच सगळ्यांचा गोंधळ उडत होता.

पहिला दोष यूपीएसवर सापडला. कॉम्प्युटर आणि लेझर प्रिंटर दोन्ही एकाच यूपीएसला लावलेले. लेझर प्रिंटरमधे टोनर कागदावर पक्का बसवायला एक हीटर असतो, त्याला फ्यूजर म्हणतात, तो जवळपास २०० डिग्रीपर्यंत तापतो आणि तापताना एकदम काहीशे वॅट खेचतो. दुकानात वापरतात तो ६०० व्हीएचा यूपीएस बघा, बऱ्याच यूपीएसवर मागे ३६० वॅट लिहिलेलं असतं, खरी ताकद तेवढीच. प्रिंटर थोडा वेळ रिकामा बसला की फ्यूजर थंड होतो, पुढची प्रिंट दिली की परत तापायला लागतो, यूपीएसवर दणका बसतो, व्होल्टेज पडतं आणि कॉम्प्युटर रीस्टार्ट. प्रिंटर काढून सरळ भिंतीवरच्या वेगळ्या सॉकेटला लावला, रीस्टार्ट बंद. लेझर प्रिंटर यूपीएसवर लावायचाच नसतो, कंपन्या मॅन्युअलमधे तसं लिहितात पण मॅन्युअल कोण उघडतंय. झेरॉक्स मशीन, इस्त्री, पाण्याची मोटर यांचंपण तेच, कॉम्प्युटरच्या एक्स्टेंशन बोर्डावर या गोष्टी नकोत.

दुसरा दोष डिस्कचा वाटत होता पण डिस्क चांगली निघाली. क्रिस्टल डिस्क इन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, ते टाकून बघितलं. त्यात डिस्कच्या तब्येतीची यादी येते, स्मार्ट म्हणतात तिला. त्यात तीन ओळी आधी बघायच्या, ०५ म्हणजे खराब झाले म्हणून बदललेले सेक्टर, सी५ म्हणजे वाचता न येऊन तसेच लटकलेले सेक्टर, सी६ म्हणजे दुरुस्त न होणारे. यांच्या रॉ व्हॅल्यू शून्य असायला पाहिजेत, सी५ वाढत असेल तर त्याच दिवशी डेटा दुसरीकडे घ्या, उद्यावर ढकलू नका. काकांच्या डिस्कवर हे तिन्ही शून्य, पण सी७ चा आकडा मोठा आणि कोरल अडकलं की तो वाढलेला. सी७ म्हणजे डिस्क आणि बोर्डाच्या मधे डेटा जाताना होणाऱ्या चुका, यात बहुतेक वेळा दोष साटा केबलचा असतो. केबल कॅबिनेटच्या झाकणाखाली दाबली जाऊन वाकडी झाली होती. नवीन केबल टाकली, बोर्डवरचा पोर्टपण बदलला, अडकणं थांबलं. एक लक्षात ठेवा, सी७ चा जुना आकडा परत शून्य होत नाही, तो फक्त वाढायचा थांबला पाहिजे. म्हणून केबल बदलायच्या आधी आकडा लिहून ठेवा.

दरवेळी इतकं नेमकं सापडत नाही, त्यामुळे बाकीचं पण सांगतो. एका वेळी एकच गोष्ट बदला, बदलल्यावर दोन-तीन दिवस चालवा, मग पुढची. रॅम, एसएमपीएस, विंडोज सगळं एकदम बदललं तर कशाने बरं झालं ते कधीच कळत नाही, आणि चांगला पार्ट भंगारात जातो.

गरमी. विदर्भात, खानदेशात मे महिन्यात खोलीच ४० डिग्रीच्या वर असते, तिथे कॅबिनेटच्या आत काय होत असेल विचार करा. एचडब्ल्यू इन्फो किंवा एचडब्ल्यू मॉनिटर टाकून प्रोसेसरचं तापमान बघा. काही न करता ४०-५० आणि जोरात काम चालू असताना ८०-८५ पर्यंत चालतं, साध्या ऑफिसच्या कामात ९५-१०० ला टेकत असेल तर गडबड आहे. लगेच तपासायचं असेल तर साइड पॅनल काढा, समोर टेबल फॅन लावा आणि नेहमीचं काम करा, बंद पडणं थांबलं तर उत्तर मिळालं. मग साफसफाई. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवायचं, नाहीतर हवेने तो भलत्या स्पीडने फिरतो आणि बेअरिंग जातं. प्रोसेसरवरची पेस्ट चार-पाच वर्षांत वाळून तिचे पापुद्रे सुटतात, ती पुसून नवीन लावा, मधे मटारच्या दाण्याएवढी पुरते. इंटेलच्या डब्यात येणाऱ्या साध्या कूलरला चार कोपऱ्यात प्लॅस्टिकच्या दाबायच्या पिना असतात, त्यातली एखादी बऱ्याचदा नीट बसलेली नसते. कूलर बोटाने हलका हलवून बघा, एका बाजूने डुगडुगत असेल तर तोच दोष. बोर्ड उलटं करून चारही पिना मागून आरपार आल्यात का ते बघितल्याशिवाय समाधान मानू नका.

रॅमचं बघायचं तर आधी प्लग काढा, मग पॉवर बटण दाबून आत राहिलेला करंट जाऊ द्या. रॅम काढून सोनेरी पट्टीवर पेन्सिलचं साधं खोडरबर हलक्या हाताने फिरवा, चुरा झटकून टाका, पट्टीला बोट लावू नका. आपले दुरुस्तीवाले वर्षानुवर्षं हे करतात आणि ते बरोबरच आहे, कोकणात आणि मुंबईत दमट हवेने त्या पट्टीवर थर चढतो. बसवताना दोन्ही बाजूंनी कट्ट आवाज आला पाहिजे. चार स्लॉटच्या बोर्डवर दोन रॅम असतील तर बहुतेक बोर्डवर प्रोसेसरपासून दुसरा आणि चौथा स्लॉट वापरायचा असतो. यानंतरपण त्रास असेल तर मेमटेस्ट ८६ पेनड्राइव्हवर टाकून रात्रभर चालवा. एकही एरर आली तरी ती रॅम, स्लॉट किंवा सेटिंग दोषी, एकच तर आहे म्हणून सोडून देऊ नका. मग एकेक रॅम वेगळी लावून तपासा. आणि बायोसमधे (विंडोज सुरू व्हायच्या आधीच्या बोर्डाच्या सेटिंगमधे) एक्सएमपी किंवा एक्स्पो, म्हणजे रॅम जास्त स्पीडने चालवायची सेटिंग, चालू असेल तर ते बंद करून बघा, डब्यावर ३२०० लिहिलेली रॅम बऱ्याचदा त्या सेटिंगशिवाय २१३३, २४०० किंवा २६६६ वर चालते, स्पीड कमी वाटेल पण मशीन टिकलं तर कारण कळलं.

एसएमपीएसबद्दल मला जरा जास्त बोलायचंय कारण सगळ्यात जास्त दुर्लक्ष इथेच होतं. लोक प्रोसेसरवर, ग्राफिक्स कार्डवर हजारो रुपये घालतात आणि एसएमपीएस कॅबिनेटबरोबर फुकट आलेला चालवतात. त्याच्या बाजूचं लेबल वाचा. वर मोठ्या अक्षरात ४५० लिहिलेलं असेल, पण खाली १२ व्होल्टच्या पुढे किती अँपिअर लिहिलेत ते बघा. १६ अँपिअर असेल तर १२ गुणिले १६ म्हणजे १९२ वॅट, बस्स. आजच्या मशीनमधे प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोन्ही १२ व्होल्टवरच चालतात. गेम सुरू झाला किंवा व्हिडिओ रेंडर लावला की मशीन बंद, एरवी दिवसभर काही नाही, असं असेल तर आधी इथे बघा. मल्टीमीटर असेल तर मशीन कामात असताना पिवळ्या आणि काळ्या वायरमधे मोजा, ११.४ ते १२.६ च्या मधे पाहिजे, लाल आणि काळ्यात ४.७५ ते ५.२५. पण मल्टीमीटरला क्षणभराचा झोल दिसत नाही, त्यामुळे खात्रीचा उपाय म्हणजे ओळखीतल्या कुणाचा चांगला एसएमपीएस दोन दिवस लावून बघणं. एसएमपीएस उघडू मात्र नका, प्लग काढल्यावरपण आतल्या कपॅसिटरमधे जोरदार करंट शिल्लक असतो.

लाइट गेली की यूपीएस असूनपण कॉम्प्युटर बंद होतो, ही तक्रार खूप जणांची असते. बॅटरी उतरलेली असणं हे नेहमीचं कारण, १२ व्होल्ट ७ एएचची ती बॅटरी दोन-तीन वर्षांत दमते. पण बॅटरी नवीन असूनही होत असेल तर एसएमपीएसवर अॅक्टिव्ह पीएफसी लिहिलंय का बघा, यातल्या काही एसएमपीएसचं स्वस्त यूपीएसच्या चौकोनी वेव्हशी जमत नाही, तिथे प्युअर साइन वेव्हचा यूपीएस किंवा इन्व्हर्टर लागतो. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर अर्थिंग नाही, इलेक्ट्रिशियनला बोलवा आणि अर्थ-न्यूट्रलमधला व्होल्टेज मोजायला सांगा, साधारण २-३ व्होल्टच्या आत हवा. तीन पिनच्या प्लगची जाड पिन मोडून दोन पिनच्या बोर्डात घुसवलेला प्लग मी कितीतरी घरांत बघितलाय, कृपा करून असं चालवू नका, इथे मशीनपेक्षा माणसाच्या जिवाचा प्रश्न आहे.

एवढं सगळं ठीक निघालं की मग सॉफ्टवेअर. त्रास एखाद्या अपडेटनंतर किंवा नवीन प्रोग्रॅम टाकल्यावर सुरू झाला का ते आठवा. सॉफ्टवेअर मशीन पाडू शकत नाही असं अजिबात नाही, १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअर कंपनीच्या एका चुकीच्या अपडेटने जगभरातली साधारण ८५ लाख विंडोज मशीन निळी पडली होती, आपल्या विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. दोन अँटिव्हायरस एकत्र असतील तर एक काढा. क्रॅक आणि अॅक्टिव्हेटर असेल तर तो आधी काढा, त्यांच्याबरोबर काय काय आत शिरतं त्याचा पत्ता लागत नाही. ग्राफिक्सचा संशय असेल तर सेफ मोडमधे डीडीयू (डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर) या सॉफ्टवेअरने जुना ड्रायव्हर पूर्ण पुसून कंपनीच्या साइटवरून नवीन टाका. सिस्टिमच्या फाइल दुरुस्त करायला कमांड प्रॉम्प्ट अॅडमिन म्हणून उघडून आधी डिझमची रीस्टोअर हेल्थ (DISM /Online /Cleanup-Image /RestoreHealth) आणि मग एसएफसी स्कॅन नाऊ (sfc /scannow) चालवा. चेक डिस्क मात्र डिस्क चांगली आहे याची खात्री असेल तरच, मरायला टेकलेल्या डिस्कवर ते पूर्ण स्कॅन लावलं की ती त्यातच जाते. आणि एक, विंडोजमधे फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शटडाउन हे पूर्ण शटडाउन नसतं, आतला काही भाग झोपवून ठेवलेला असतो, त्यामुळे काहीही बदल तपासताना शटडाउन नाही तर रीस्टार्ट करा.

काही खास गोष्टी. इंटेलचा १३व्या किंवा १४व्या जनरेशनचा ताकदवान डेस्कटॉप प्रोसेसर असेल आणि गेम सुरू करताना व्हिडिओ मेमरी संपली असा खोटा एरर येत असेल, तर बायोस अपडेट करा. हा दोष इंटेलने २०२४ मधे मान्य केलाय, ऑगस्टपासून मायक्रोकोडचे (प्रोसेसरच्या आतल्या प्रोग्रॅमचे) सुधार दिलेत आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवलीय. प्रोसेसर आधीच बिघडला असेल तर अपडेटने सुधारत नाही, सरळ वॉरंटीत टाका. एएमडीच्या सुरुवातीच्या रायझन प्रोसेसरवाल्या मशीन काम करताना ठीक आणि रिकामं बसल्यावर गोठत असतील तर बायोसमधे पॉवर सप्लाय आयडल कंट्रोल शोधून टिपिकल करंट आयडल करा. समोरचं पॉवर बटण धुळीने चिकटलं असेल तर तेच आत दाबलेलं राहून चार सेकंदांनी मशीन बंद करतं, वायर बोर्डावरून काढून बघितलं की कळतं. पुढच्या यूएसबीतल्या गंजलेल्या, वाकलेल्या पिनापण शॉर्ट होतात. बोर्डवरचा नाण्यासारखा सेल बदलून हँग थांबत नाही, तो फक्त घड्याळ मागे पडत असेल तर बदला.

आणि हे सगळं करून फॉरमॅटच करायचं ठरलं तर आधी डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स तर घ्याच, पण विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरमधले मराठी फॉन्ट पण घ्या, डीटीपीवाल्यांची जुनी कामं त्याच्याशिवाय उघडली तरी वाचता येत नाहीत. टॅलीचा डेटा कुठल्या फोल्डरमधे आहे ते टॅलीतूनच बघून घ्या आणि त्याचा बॅकअप पेनड्राइव्हवर टाकून दुसऱ्या मशीनवर उघडून बघा. जमत असेल तर फॉरमॅट न करता नवीन एसएसडी घेऊन विंडोज तिच्यावर टाकायला सांगा आणि जुनी डिस्क महिना-दोन महिने हात न लावता कपाटात ठेवा, काय राहिलंय ते काम करायला बसल्यावरच आठवतं.